सही कुठल्या कागदावर?

निकाल लागले की फोन सुरू होतात. डिप्लोमा झालेली, बीई सिव्हिल झालेली मुलं. कुणी ओळखीतलं, कुणी ओळखीच्यांच्या ओळखीतलं. "मॅडम, कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" यंदा हा प्रश्न माझ्या भाचीनं विचारला. घरच्या माणसाला वरवरचं उत्तर देऊन भागत नाही, म्हणून जे मनात आहे ते नीट मांडायला बसले आहे.

तिच्या मोबाईलवर एका क्लासची जाहिरात होती. काही महिन्यांत डझनभर सॉफ्टवेअर, शेवटी सर्टिफिकेट. ऑटोकॅड, रेव्हिट, नॅव्हिसवर्क्स, प्रायमाव्हेरा, एमएस प्रोजेक्ट, प्रोकोअर, टॅली, सगळं एका दमात. "मावशी, यातलं निदान निम्मं तरी लागंलच की," ती म्हणाली. मी तिला उलट विचारलं, "पहिल्या नोकरीत तुझी सही कुठल्या कागदावर येणार आहे?"

तिला प्रश्न कळला नाही. कळण्याचं कारणही नव्हतं, कॉलेजात हे कुणी विचारत नाही. मी कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात बिलिंग बघते. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक कागदावर खाली कुणाची तरी सही असते. सिमेंटच्या गाडीच्या चलनावर साइटवरच्या पोराची. स्लॅब टाकण्याआधी सळई, तिच्यावरचं काँक्रीटचं कव्हर, खालचं टेकूंचं सेंटरिंग तपासल्याच्या कार्डावर साइट इंजिनिअरची. काँक्रीटची ताकद तपासायच्या ७ आणि २८ दिवसांच्या क्यूबच्या, म्हणजे नमुना ठोकळ्यांच्या, रजिस्टरवर क्वालिटीवाल्याची. मापाच्या शीटवर आमची आणि समोरच्या पार्टीची, दोघांची. 'बांधकाम व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर' या एका नावाखाली जे विकलं जातं, ते या वेगवेगळ्या कागदांची कामं करतं. वेळापत्रक बनवणारं वेगळं, मापं आणि बिलं करणारं वेगळं, स्टोअर सांभाळणारं वेगळं, साइटचे फोटो आणि रोजचा अहवाल गोळा करणारं वेगळं. म्हणून 'कुठलं सॉफ्टवेअर' हा प्रश्न आधी विचारला की त्याला उत्तरच नसतं. आपण पहिल्या वर्षी कशाखाली सही करणार हे कळलं, की तो कागद ज्यात तयार होतो ते शिकायचं.

आणि कोल्हापुरात, दहातल्या बहुतेक ऑफिसांत, तो कागद एक्सेलमध्ये तयार होतो.

हे सांगितलं की मुलांचे चेहरे पडतात. एक्सेल काय, ते तर शाळेत झालं. पण मोजमापाची एक शीट सुरुवातीपासून बनवायला सांगितली, की कळतं काय झालंय आणि काय राहिलंय. नग, लांबी, रुंदी, उंची, परिमाण, त्याखाली वजावट, मग बाबनिहाय अॅबस्ट्रॅक्ट म्हणजे गोषवारा, त्याला दर, मागच्या बिलापर्यंतचं किती, या बिलातलं किती, एकूण किती. मग त्यातून रिटेन्शन म्हणजे हमी म्हणून राखून ठेवलेली रक्कम, टीडीएस, बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का सेस, आगाऊ दिलेल्या मालाची वसुली. वर जीएसटी. हे सगळं एकमेकांना असं जोडलेलं हवं की भिंतीची एक लांबी बदलली तर शेवटच्या रकमेपर्यंत बदल पोहोचला पाहिजे. हे ज्याला हातानं जमतं, त्याला पुढं कुठलंही बिलिंगचं सॉफ्टवेअर चार दिवसांत कळतं, कारण त्याच्या पडद्यावर हेच रकाने असतात.

पण एक्सेलच्या आधीही एक पायरी आहे, आणि माझा खरा जीव तिथं अडकतो. माप म्हणजे काय हे कुठलंच सॉफ्टवेअर शिकवत नाही. आपल्याकडं त्यासाठी आयएस १२०० हे भारतीय मानक आहे. गिलाव्याचंच घ्या. उघडा भाग अर्ध्या चौरस मीटरपर्यंत असेल तर काहीच वजा करायचं नाही. अर्ध्या ते ३ चौरस मीटरपर्यंत असेल आणि दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल, तर एकाच बाजूचा भाग वजा करायचा, आणि खिडकीच्या आतल्या कडा वेगळ्या मोजायच्या नाहीत. ३ च्या वर गेला की दोन्ही बाजूंचा वजा, पण कडा मोजायच्या. म्हणजे १.२ बाय १.२ ची खिडकी एका बाजूला वजा होते, १.५ बाय २.१ चा दरवाजा ३.१५ भरतो, तो दोन्ही बाजूंना. गवंड्याच्या मेहनतीचा विचार या नियमात मुरलेला आहे. खिडकीच्या कडा सरळ काढायला त्याचा वेळ जातो, तो असा भरून दिलेला आहे.

आता रेव्हिट या इमारतीचं थ्रीडी मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून भिंतीचं क्षेत्रफळ काढलं, तर ते उघडे भाग सरसकट वजा करून निव्वळ आकडा देतं. आकडा चूक नसतो, पण तो आपल्या कराराचा आकडा नसतो. नवी मुलगी तो आकडा उचलून बिलात टाकते, मिस्त्री त्याच्या टेपनं मोजून वेगळा आकडा सांगतो, आणि शनिवारी पगाराच्या वेळी साइटवर वाद उभा राहतो. त्या वादात मिस्त्री बरोबर असतो. हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी मला त्या मिस्त्रीसाठी वाईट वाटलं आहे, कारण छापील कागदापुढं त्याचा शब्द हलका ठरतो.

सरकारी कामात जुन्या लोकांना मोजमाप पुस्तकाची, एमबीची, शिस्त होती. पानांवर आधीच नंबर छापलेले. नोंद शाईनं. खाडाखोड नाही, चुकलं तर एक रेघ मारून वर दुरुस्ती आणि शेजारी आद्याक्षरं. वरचा अधिकारी काही मापं स्वतः पुन्हा तपासणार. आज महागड्या सॉफ्टवेअरची जाहिरात 'कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते' अशी करतात, तेव्हा मला ते नंबर छापलेलं पुस्तकच दिसतं. एक्सेलमध्ये ही शिस्त आपोआप येत नाही, हीच त्याची मोठी उणीव. फाइल व्हॉट्सअॅपवर फिरते, कुणीतरी एक खण बदलतो, आणि कुठली प्रत खरी हे कुणालाच कळत नाही. म्हणून भाचीला सांगितलं की एक्सेल शिकताना सूत्रांइतकंच फाइलला तारीख घालणं, खण लॉक करणं, बदलाची वेगळी शीट ठेवणं शिक. ती सवय घेऊन मोठ्या सॉफ्टवेअरकडं गेलीस तर ते कशासाठी आहे हे सांगावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट मालाची. आपल्याकडची लहान-मध्यम कामं बरीचशी अशी चालतात: माल मालकाचा, मजुरी फुटावर. मग नफा-तोटा ठरतो तो सिमेंट आणि सळईच्या हिशेबावर. हजार चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब घ्या, बीम सोडून. ४१७ घनफूट, म्हणजे जवळजवळ सव्वाचार ब्रास, ११.८ घनमीटर. एम-२० काँक्रीटचं सिमेंट, वाळू, खडीचं १:१.५:३ प्रमाण धरलं तर घनमीटरला साधारण ८ पोती, म्हणजे ९५ पोती सिमेंट. प्रत्यक्षात स्टोअरमधून ११० गेली असतील तर ती कुठं गेली, हा प्रश्न त्याच संध्याकाळी विचारता आला पाहिजे. महिन्यानं विचारला तर उत्तर मिळत नाही. सळईचं तसंच. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. १० मिलिमीटरची १२ मीटर सळई साधारण ७.४ किलो. बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कुठली सळई किती लांब आणि कशी वाकवायची याचा तक्ता, या एका सूत्रावर उभं असतं.

अमेरिकेत तयार झालेली सॉफ्टवेअर मी उघडून बघितली आहेत. प्रोकोअरचा अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट आहे, तो मीही केला. सुंदर बांधलेलं काम आहे. पण त्याचा जीव आर्किटेक्ट, मुख्य कंत्राटदार आणि उपकंत्राटदार यांच्यातल्या पत्रव्यवहारात आहे: शंका विचारणं, नमुने मंजूर करून घेणं, बदलाचा खर्च मान्य करून घेणं. पाचगावात दोन मजली घर बांधणाऱ्याला पोत्यांचा ताळा आधी हवा असतो. म्हणून त्याचा फुकटचा अभ्यासक्रम जरूर करावा, मोठ्या कामात कागद कसे हलतात हे त्यातून समजतं. पण तेवढ्या जोरावर इथं पहिल्या नोकरीची आशा धरू नये.

वेळापत्रकाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि मला ती फार आवडते.

१९५७ च्या सुमारास ड्युपाँ कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडमधले जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथची, म्हणजे ज्या कामांना उशीर झाला की सगळंच लांबतं ती साखळी शोधायची, पद्धत बसवली. पुढच्याच वर्षी अमेरिकन नौदलानं पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही तशीच पद्धत वापरायला सुरुवात केली. एमएस प्रोजेक्ट १९८४ मध्ये डॉसवर आलं. प्रायमाव्हेरा ही कंपनी १९८३ मधली, ती २००८ मध्ये ओरॅकलनं घेतली. इतकी वर्षं गेली, पडदे बदलले, पण आतलं गणित वॉकर आणि केलींचंच आहे. कामांची साखळी लावायची, पुढून मागं आणि मागून पुढं मोजत जायचं, कुठल्या कामाला फ्लोट, म्हणजे उशिराची सवड, आहे आणि कुठल्याला नाही हे काढायचं. हे गणित १५-२० कामांवर कागदावर स्वतः केलं पाहिजे. माझा हा हट्ट आहे. ज्यानं ते केलं नाही त्याला सॉफ्टवेअरनं दाखवलेली क्रिटिकल पाथची लाल रेघ म्हणजे नुसता रंग वाटतो.

साखळीत थांबण्याचे दिवसही असतात. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणं साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबचे टेकू ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. ६ मीटरपर्यंतच्या बीमला १४, त्यापुढं २१. तेही साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी. फ्लाय अॅश घातलेलं पीपीसी असेल, आणि आपल्याकडं बहुतेक तेच असतं, तर जास्त थांबावं लागू शकतं. हे दिवस कामात दिसत नाहीत, त्यात कुणी काही करत नाही, पण ते वेळापत्रकात घातले नाहीत तर मालक म्हणतो 'सेंटरिंग उद्या काढा', आणि आपल्याकडं दाखवायला कागद नसतो.

मग कॅलेंडर. एमएस प्रोजेक्ट उघडलं की त्याचं मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ५, मध्ये तासभर जेवण, असं असतं. कोल्हापूरचं कॅलेंडर तसं नाही. इथं पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद असतात, त्यामुळं वीट मे महिन्याआधी साइटवर आणून रचावी लागते, आणि त्यासाठी जागा आणि पैसा दोन्ही आधी लागतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या उसामागं जातात. मुरूम टाकायचाय म्हटलं तर "आता उसाचं चालू हाय, पुढच्या आठवड्यात बघू" असं उत्तर येतं. गणपतीत आणि नवरात्रात हजेरी उतरते. आणि नदी, पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, तेव्हा नदीकाठच्या साइट थांबल्याच, पण पाण्यापासून लांब असलेल्या साइटही मालाअभावी थांबल्या. इथल्या माणसानं नदीचं वेळापत्रक फार आधीपासून पाळलं आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे आणि पाऊस ओसरल्यावर घालायचे, हे बांधकामाच्या रचनेतच धरलेलं आहे.

हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये घालता येतं. कामाचे दिवस बदलता येतात, पावसाळ्यासाठी वेगळं कॅलेंडर करून ते फक्त पायाच्या आणि बाहेरच्या गिलाव्याच्या कामांना लावता येतं, आतल्या फरशीला नाही. पण ते घालायचं असतं हे ठाऊक असणारा माणूस लागतो. भाची इथं वाढली आहे, तिला हे ठाऊक आहे, आणि पुण्या-मुंबईहून तयार वेळापत्रक घेऊन येणाऱ्या कुणाही सल्लागारापेक्षा ही तिची जमेची बाजू आहे. मी तिला हे दोनदा सांगितलं, कारण आपल्याकडच्या मुलांना स्वतःजवळचं ज्ञान ज्ञान वाटत नाही.

एमएस प्रोजेक्ट की प्रायमाव्हेरा? यावर मुलं तासन् तास बोलतात. माझ्या मते हा तू कुठं राहणार याचा प्रश्न आहे. कोल्हापुरात, सांगलीत, लहान बिल्डरकडं काम करायचं असेल तर एमएस प्रोजेक्ट पुरेसं आहे. ते विकत घेणं शक्य नसेल तर प्रोजेक्टलिब्रे फुकट आहे आणि त्याच फायली उघडतं. महामार्ग, मेट्रो, धरणं, किंवा आखातातली नोकरी हवी असेल तर प्रायमाव्हेरा पी-सिक्स लागतं, कारण तिथं बऱ्याचदा करारातच वेळापत्रक त्यात मागितलेलं असतं, आणि मुदतवाढीचा दावाही त्याच फाइलवर लढला जातो. एक नीट आलं की दुसऱ्यात जायला फार त्रास होत नाही. भाचीच्या वडिलांना तिनं पुण्याला जावं असं वाटतं, तिला अजून ठरवता येत नाही. ते ठरेपर्यंत पी-सिक्सच्या क्लासला पैसे भरू नकोस, एवढंच मी म्हटलं.

मोबाईल अॅपबद्दल लोक मला सर्वांत जास्त विचारतात. पॉवरप्ले, ऑनसाइट यांसारखी देशी अॅपं आहेत. हजेरी, माल, फोटो, खर्च, सगळं त्यात जातं. त्यांतलं एक आमच्या फुलेवाडीच्या साइटवर लावलं तेव्हा मुकादम माझ्यासमोर फोन धरून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, ह्यात माझा हात चालंना. मी सांगतो, तुमी लिवा." त्याची हजेरी वही मी बघितली होती. प्रत्येक बाईचं, बाप्याचं नाव, निम्मा दिवस, उचल किती, सगळं नेटकं. त्याला हिशेब येत होता. पडदा त्याच्या भाषेत आणि त्याच्या सवयीत नव्हता. आम्ही मग रकाने कमी केले, नावं मराठीत घातली, आणि संध्याकाळी वहीचं पान आणि अॅप दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघायला सुरुवात केली. हळूहळू तो स्वतः भरायला लागला. तेव्हापासून कुठलंही अॅप निवडताना मी तीनच गोष्टी बघते. मुकादम ते भरेल का? तळमजल्याखालच्या पार्किंगमध्ये रेंज नसताना ते नोंद धरून ठेवेल का? आणि वर्गणी बंद केली तर आपली नोंद एक्सेलमध्ये बाहेर काढता येईल का? नव्या इंजिनिअरला अॅपचा क्लास लागत नाही. त्याला मुकादमाशेजारी बसून शिकवायचा धीर लागतो, आणि ही नोकरीत खरोखर उपयोगी पडणारी गोष्ट कुठल्याही सर्टिफिकेटवर छापलेली नसते.

बीआयएम, म्हणजे इमारतीचं सगळ्या माहितीसकट संगणकावरचं मॉडेल, त्याबद्दल थोडक्यात. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, तेव्हा कॉलेजचं वर्ष हातात असेल तर रेव्हिट आत्ताच शिकून घ्यावं, नंतर लायसन्सचा खर्च झेपत नाही. इथं त्याची मागणी अजून कमी आहे.

रेरा, म्हणजे घरं विकणाऱ्या बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा, त्याबद्दल मात्र सांगायला हवं, कारण २०१७ पासून, महारेरा हे त्याचं राज्यातलं प्राधिकरण आल्यावर, छोट्या बिल्डरच्या ऑफिसातही शिस्तीची गरज निर्माण झाली. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतली ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायची आणि काम जितकं पुढं गेलं त्या प्रमाणात काढायची. त्यासाठी आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांचे दाखले लागतात. दर तिमाहीला प्रगती कळवावी लागते. या दाखल्यावरची इंजिनिअरची सही कुणीतरी घर घेण्यासाठी आयुष्याची पुंजी लावली त्या पैशाशी बांधलेली आहे. म्हणून 'अंदाजे ६० टक्के' असं लिहून चालत नाही. कशाचे ६० टक्के, कुठल्या मापावर, हे मागं शीटमध्ये दाखवता आलं पाहिजे. एक्सेल, माप, वेळापत्रक, हे वर सुटंसुटं लिहिलं, ते इथं एका सहीखाली येतं. भाचीला मी आमच्या ऑफिसातली अशी एक कामाची शीट दाखवली, आकडे झाकून, आणि तिनं पहिल्यांदा वहीत काहीतरी लिहून घेतलं.

आम्ही शेवटी जे ठरवलं ते असं. दिवाळीपर्यंत फक्त माप, एक्सेल आणि आयएस १२००. त्यानंतर हातानं क्रिटिकल पाथ, मग एमएस प्रोजेक्ट. नोकरीच्या मुलाखतीत तिनं तिकडच्या माणसांना विचारायचं की तुमच्याकडं आरए बिल, म्हणजे काम चालू असतानाचं बिल, कोण बनवतं, सिमेंटचा ताळा किती दिवसांनी बघता, आणि साइटवरून रोजचा अहवाल कशात येतो. उत्तरांवरून पुढं काय शिकायचं ते कळेल. कंपनीच्या फायली कधी घरी आणायच्या नाहीत, त्या आपल्या नसतात. पण स्वतःचं एक नमुना काम तयार ठेवायचं, जे कुणालाही उघडून दाखवता येईल.

त्या नमुन्यासाठी तिनं पाचगावातलं स्वतःचंच घर घेतलं आहे. टेप घेऊन खोल्या झाल्या, गॅलरी झाली, वजावटी आयएसप्रमाणं लावल्या. सध्या ती जिन्यावर अडली आहे: वेस्ट स्लॅबची, म्हणजे पायऱ्यांखालच्या स्लॅबची, तिरकी लांबी, पायऱ्यांचे त्रिकोण, आणि लँडिंग स्लॅबमध्ये धरायचं की जिन्यात. रविवारी ती शीट घेऊन येणार आहे.